प्ले दाबलं, स्टॉप आलं, परत प्ले: लिनक्सवर विंडोजचे गेम न चालण्याच्या तक्रारीचा बंदोबस्त

लक्षण ठरलेलं आहे. स्टीममध्ये, म्हणजे गेम विकत घेऊन चालवायच्या प्रोग्रॅममध्ये, गेमचं हिरवं प्ले बटण दाबायचं, ते निळं होऊन त्यावर स्टॉप दिसायला लागतं, क्षणभर आशा वाटते, आणि मग काहीही न बोलता बटण परत हिरवं. ना एरर, ना खिडकी, ना काळा पडदा. त्यातही डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे काल रात्री हाच गेम व्यवस्थित चालला होता. फोन भुसावळहून येवो की शहाद्याहून, वाक्य एकच: "काल तर चालला ना भो, आज चालूच होत नही."

ही तक्रार वाढली त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आपल्याकडे घरात जे पीसी आहेत ते बरेचसे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले, चौथ्या नाहीतर सहाव्या पिढीचे, जळगावच्या गोलाणी मार्केटातून किंवा ओळखीतून सेकंड हँड घेतलेले. मग पुतण्या किंवा शेजारचा इंजिनिअरिंगवाला दादा त्यावर लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टम टाकून देतो. विंडोज मात्र कुणी पुसत नाही, कारण पप्पांचं टॅली त्यात असतं. म्हणजे एकाच डिस्कवर दोन्ही, आणि डी ड्राइव्हवर आधीच उतरवलेले गेम.

इथेच गोम आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, रात्र-रात्र जागून १०० जीबीचा गेम विंडोजमध्ये उतरवलेला असतो. तो लिनक्समध्ये परत कोण उतरवणार? म्हणून लिनक्समधल्या स्टीमला सांगायचं की बाबा, तुझी लायब्ररी डी ड्राइव्हवर आहे. स्टीम ऐकतं, गेम दिसायला लागतात, कधीकधी चालतातही. आणि तिथून पुढे "काल चालला, आज नाही" हा खेळ सुरू होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रोटॉनची (स्टीममधलं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं साधन) आवृत्ती बदलत बसण्याआधी, गेम पुन्हा टाकण्याआधी आणि लिनक्सला शिव्या घालण्याआधी गेम कुठल्या ड्राइव्हवर पडलाय ते बघा. तक्रार वारंवार येणारी असेल, म्हणजे कधी चालतो कधी नाही अशी, तर बहुतेक वेळा दोष त्या जागेचा असतो.

आत काय घडतं

विंडोजचे प्रोग्रॅम युनिक्ससारख्या सिस्टमवर चालवण्याचा वाइन हा प्रकल्प १९९३ सालचा. अलेक्झांडर ज्युलियार्ड १९९४ पासून तो सांभाळतात, आणि १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. व्हॉल्व्हने ऑगस्ट २०१८ मध्ये कोडवीव्हर्सच्या मदतीने त्याच वाइनवर प्रोटॉन उभं केलं आणि स्टीममध्येच बसवलं. गेमने विंडोजकडे डायरेक्टएक्सच्या भाषेत चित्र मागितलं की डीएक्सव्हीके नावाचा दुभाषी ते लिनक्सवर चालणाऱ्या वल्कनच्या भाषेत बदलून ग्राफिक्स कार्डला देतो. डायरेक्टएक्स १२ साठी त्याचं वेगळं भावंड आहे, व्हीकेडी३डी-प्रोटॉन. हे सगळं पडद्यामागे होतं, तुम्हाला त्यात हात घालावा लागत नाही.

पण प्रत्येक गेमसाठी प्रोटॉन एक खोटी सी ड्राइव्ह तयार करतं, आणि ती गेमच्याच लायब्ररीत ठेवतं. स्टीमॲप्स या फोल्डरात कॉम्पॅटडेटा नावाचं फोल्डर उघडून बघा, आत नुसते आकडे दिसतील. एक आकडा म्हणजे एक गेम. त्या आकड्याच्या आत पीएफएक्स, आणि त्याच्या आत डॉसडिव्हायसेस नावाच्या फोल्डरात "सी:" आणि "झेड:" अशा नावांचे दुवे, म्हणजे दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या फाइल, असतात. नावातच कोलन.

विंडोजच्या नियमात फाइलच्या नावात कोलन चालत नाही. डी ड्राइव्ह एनटीएफएस आहे, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फाइल ठेवणारी. मिंटमध्ये तुम्ही ती साइडबारवर क्लिक करून उघडता तेव्हा ती विंडोजचे नावांचे नियम पाळूनच जोडली जाते. मग "सी:" नावाचा दुवा बनतच नाही, वाइन दारातच अडतं, प्रोसेस संपते, आणि स्टीम बिचारं बटण परत हिरवं करतं. त्याला वाटतं तुम्हीच गेम बंद केला.

काही जण इंटरनेटवर बघून ड्राइव्ह ढिल्या नियमांनी जोडतात. तेव्हा दुवा बनतो, गेमही चालतो. पुढे कधीतरी विंडोज सुरू होताना डिस्क तपासतं, त्याला ही कोलनवाली नावं म्हणजे बिघाड वाटतो, आणि ते "दुरुस्ती" करून टाकतं. दुसऱ्या दिवशी फोन येतो.

फास्ट स्टार्टअप नावाची भानगड

दुसरं कारण याहून जास्त घरांत सापडतं. विंडोज १० आणि ११ मध्ये शट डाउन केलं की मशीन खऱ्या अर्थाने बंद होत नाही. विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून झोपी जातं, म्हणजे सकाळी लवकर उठता येतं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात, आणि ते बहुतेक मशीनवर आधीपासून चालू असतं. दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला गेलाय, गल्ल्याचा हिशोब तसाच उघडा आहे, अशा वेळी दुसऱ्याने आत शिरून माल हलवू नये. लिनक्स नेमकं हेच पथ्य पाळतं. अर्धवट झोपलेली एनटीएफएस ड्राइव्ह दिसली की एक तर ते ती जोडायलाच नकार देतं, नाहीतर फक्त वाचण्यापुरती जोडतं. गेमला लिहायला जागा नाही, प्रोटॉनला लिहायला जागा नाही, बटण परत हिरवं.

आता "काल चालला" याचा उलगडा होतो. काल तुम्ही विंडोजमधून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आला होता. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं. आज पप्पांनी टॅलीचं काम करून शट डाउन केलं, संध्याकाळी तुम्ही मशीन चालू करून थेट लिनक्स निवडलं. मशीन तेच, डिस्क तीच, फक्त बंद करण्याची रीत वेगळी.

तिसरं कारण लाइट. यावल-रावेरच्या बाजूला पावसाळ्यात विंडोज चालू असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टर पीसीला जोडलेला नसेल, तर एनटीएफएसवर "नीट बंद झाली नाही" अशी खूण राहते. परिणाम वरच्यासारखाच. लिनक्समध्ये एनटीएफएसफिक्स नावाचं साधन आहे आणि लोक ते सर्रास चालवतात. पण ते मुख्यतः ती खूण पुसतं, ड्राइव्हची खरी दुरुस्ती करत नाही. खरी दुरुस्ती विंडोजमध्येच होते: ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. ड्राइव्हवर लग्नाचे फोटो असतील तर हाच मार्ग धरा.

आधी खात्री करा

टर्मिनल उघडायचीही गरज नाही. लिनक्समध्ये फाइल मॅनेजरने डी ड्राइव्ह उघडा आणि आत एक नवीन फोल्डर करून बघा. होत नसेल, पर्यायच फिकट दिसत असेल, तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती जोडलेली आहे. दुखणं सापडलं. फोल्डर होत असेल तर त्याचं नाव बदलून मध्ये कोलन टाकून बघा. त्याला नकार आला तर पहिलं कारण पक्कं.

आणखी एक शक्यता राहते. कुणीतरी एफएसटॅब या फाइलमध्ये ड्राइव्ह कायमची जोडून ठेवलेली असते आणि तिची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्याकडे, राहते. तेव्हा लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये (ती कशी काढायची ते शेवटी सांगितलंय), फोल्डर तुमच्या मालकीचं नाही अशी तक्रार वाइन स्वतःच करतं. एफएसटॅबमधल्या त्या ड्राइव्हच्या ओळीत यूआयडी आणि जीआयडी (वापरकर्त्याचा आणि गटाचा आकडा) दोन्ही १००० करायचे, मिंटमध्ये पहिल्या वापरकर्त्याचा आकडा सहसा तोच असतो. आणि त्याच ओळीत नुसतं "यूझर" लिहिलेलं असेल तर पुढे स्वल्पविराम देऊन "एक्झेक" जोडायचं, कारण "यूझर"सोबत त्या ड्राइव्हवरून काहीही चालवायला बंदी आपोआप येते.

पक्का उपाय

गेमला लिनक्सची स्वतःची जागा द्या. डी ड्राइव्हचा एक तुकडा काढून तो एक्स्ट४, म्हणजे लिनक्सच्या फाइल ठेवायच्या पद्धतीचा, करायचा, आणि लिनक्सचे गेम तिथेच.

तुकडा विंडोजमधूनच काढा, डिस्क मॅनेजमेंटमधल्या श्रिंक व्हॉल्यूमने. एनटीएफएस विंडोजला जास्त कळतं. लिनक्समधूनही होतं, पण मधेच लाइट गेली तर काय, हा विचार खानदेशात राहणाऱ्याने करायलाच पाहिजे. आधी बॅकअप. पेन ड्राइव्हवर तर पेन ड्राइव्हवर, पण घ्या. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

मोकळी झालेली जागा लिनक्समधल्या डिस्क्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये दिसेल. तिथे एक्स्ट४ विभाग तयार करा, मशीन सुरू होताना आपोआप जोडला जाईल अशी खूण करा आणि मालकी स्वतःच्या नावावर घ्या. मग स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन तो विभाग नवीन लायब्ररी म्हणून द्या आणि तीच मुख्य ठरवा. प्रोटॉन आणि स्टीम लिनक्स रनटाइम हेही स्टीमच्या दृष्टीने "गेम"च असतात, तेही इकडेच उतरले पाहिजेत. गेम एक्स्ट४ वर पण प्रोटॉन अजून डी ड्राइव्हवर, असं असेल तर बटण तसंच हिरवं होत राहणार. लोक गेम हलवतात आणि हे विसरतात.

आता डाउनलोडचा प्रश्न. गेम परत उतरवावा लागत नाही. जुन्या लायब्ररीत स्टीमॲप्स, त्यात कॉमन, त्यात गेमच्या नावाचं फोल्डर असतं. ते पूर्ण फोल्डर नवीन लायब्ररीतल्या कॉमनमध्ये कॉपी करा, मग स्टीममध्ये जाऊन त्या जागी इन्स्टॉल म्हणा. स्टीम आधी पडलेल्या फाइल तपासतं आणि जे कमी असेल तेवढंच आणतं. गंमत म्हणजे कॉपी करण्यासाठी डी ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरती जोडलेली असली तरी भागतं. कॉम्पॅटडेटा मात्र एनटीएफएसवरून कॉपी करू नका, ते नव्याने बनू द्या. आधी काही खेळून झालं असेल तर सेव्ह आतच असतात: पीएफएक्स, ड्राइव्ह-सी, यूझर्स, स्टीमयूझर या वाटेने गेलं की डॉक्युमेंट्स आणि ॲपडेटामध्ये. क्लाउड सेव्ह नसलेल्या गेमचे तेवढे काढून ठेवा.

मित्राच्या पीसीवर गेम असेल तर आणखी सोपं. फेब्रुवारी २०२३ पासून स्टीममध्ये एकाच नेटवर्कवरच्या दोन मशीनमध्ये गेम थेट हलवायची सोय आहे. धुळ्याला होस्टेलवर एका राउटरला दोन पीसी जोडा, दोन्हींवर स्टीम चालू ठेवा, समोरच्याच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्समध्ये परवानगी द्या. इंटरनेटचा डेटा फार थोडा लागतो. वायफायपेक्षा लॅनची वायर लावा, तासांचं काम मिनिटांत येतं.

मग विंडोजकडे वळा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणांनी काय करायचं तो पर्याय, आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. फिकट दिसत असेल तर वरच्या निळ्या अक्षरांवर आधी क्लिक करावं लागतं. याहून ठाम उपाय हवा असेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून "पॉवरसीएफजी, जागा, स्लॅश एच, जागा, ऑफ" असं रोमन अक्षरात टाइप करा. हायबरनेट पूर्णच जातं, आणि त्याची डिस्कवरची जागाही मोकळी होते. विंडोजचं मोठं अपडेट झालं की ही सेटिंग पुन्हा एकदा बघून घ्या. मशीन घरात सगळे वापरत असतील आणि सेटिंगला हात लावू देत नसतील, तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायला शिकवा. तेवढ्यापुरतं विंडोज खरंखुरं बंद होतं.

जागाच नसेल तर

२५६ जीबीचा एसएसडी, त्यात दोन सिस्टम, त्यात गेम. समजू शकतो. अशा वेळी एक मधली वाट आहे: गेमच्या फाइल डी ड्राइव्हवर राहू द्यायच्या, पण कॉम्पॅटडेटा लिनक्सच्या होम फोल्डरात ठेवून डी ड्राइव्हवर त्याचा नुसता दुवा ठेवायचा. कोलनचा प्रश्न मिटतो. फास्ट स्टार्टअपचा मिटत नाही, तो वेगळा बंद करावाच लागतो.

या वाटेवर एक काटा आहे, तो आधी सांगतो. ज्या गेमची लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती आहे, उदाहरणार्थ डोटा २ किंवा काउंटर-स्ट्राइक २, ते एकाच लायब्ररीत दोन्हीकडून उघडू नका. लिनक्समधलं स्टीम विंडोजच्या फाइल काढून लिनक्सच्या उतरवतं, विंडोजमध्ये गेलात की ते उलट करतं. प्रत्येक वेळी "अपडेट". रोजचा २ जीबीचा पॅक संपला म्हणून कंपनीला फोन लावण्याआधी हे तपासा.

गेम एक्स्ट४ वर आहे, तरी चालत नाही

आता ग्राफिक्स कार्डाकडे. इथली चूक वारंवार येत-जात नाही. असली तर सरळ कधीच चालत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.

डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि तिने वल्कन १.३ सक्तीचं केलं. प्रोटॉन ८ पासून पुढे हीच मालिका आहे. आपल्याकडच्या दोन लाडक्या वस्तू नेमक्या यात सापडतात. एक म्हणजे चौथ्या पिढीच्या इंटेलमधलं अंगचं ग्राफिक्स, ज्याचा वल्कन ड्रायव्हर अपुराच आहे. दुसरं जीटी ७१०. हे केप्लर पिढीचं कार्ड, त्यासाठी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका ४७०, आणि ती वल्कन १.२ पर्यंतच जाते. लॉगमध्ये डीएक्सव्हीकेला कार्डच सापडलं नाही अशा अर्थाची ओळ येते आणि माणूस म्हणतो, कार्ड तर समोर बसवलंय!

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून वल्कन-टूल्स टाका. मग टर्मिनलमध्ये वल्कनइन्फो, जागा, दोन आडव्या रेघा, समरी. जिथे एपीआय व्हर्जन लिहिलंय तो आकडा बघा. १.३ किंवा पुढे असेल तर ठीक. कमी असेल तर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन प्रोटॉन ७ नाहीतर ६.३ निवडा. त्यानेही झालं नाही तर वल्कन सोडून ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स पद्धतीने चालवायचं. लाँच ऑप्शन्समध्ये लिहायची ती ओळ फोनवर सांगतो तशी सांगतो: सगळं कॅपिटलमध्ये प्रोटॉन, अंडरस्कोर, यूज, अंडरस्कोर, वाइनडी३डी, बरोबरचं चिन्ह, १, मग एक जागा, मग टक्क्याच्या दोन चिन्हांच्या मध्ये लहान अक्षरात कमांड. वेग कमी मिळेल. पण जीटी ७१० वर कुणी नवा गेम खेळायला बसत नाही, जुने बरेच गेम निभावतात. डायरेक्टएक्स १२ मागणारे गेम या कार्डावर विसरा.

वल्कनइन्फोत फक्त एलएलव्हीएमपाइप दिसत असेल तर कार्डाचा ड्रायव्हरच नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढतोय. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन सुचवलेला ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट (फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर तो टाकताना पासवर्ड मागतो, आणि रीस्टार्ट झाल्यावर निळ्या पडद्यावर थोडा वेळ एमओके मॅनेजमेंट येतं. तिथे एनरोल निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाबरून कंटिन्यू दाबतात आणि ड्रायव्हर टाकूनही चालू होत नाही. बऱ्याच मशीनवर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं तरी काम होतं. विंडोज ११ असेल आणि त्यात व्हॅलोरंट खेळायचं असेल तर मात्र ते बंद करू नका, त्याला ते लागतं.

लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया दोन्ही असतील आणि गेम चालतो पण रांगतो, तर तो इंटेलवर चाललाय. मिंटमध्ये खाली पॅनलवर एनव्हिडियाचं चिन्ह असतं, तिथून बदलता येतं.

आणि गेम सुरुवातीला छान, अर्ध्या तासाने रडायला लागतो, महिना मे, गाव भुसावळ, तर लिनक्सचा काही संबंध नाही. बाहेर ४५ अंश असताना प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. कॅबिनेट उघडून धूळ काढा, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट बदला. खेळायला रात्र काय कमी आहे?

काही सुट्या तक्रारी

फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजचं स्टीम टाकलं असेल तर त्याला नवीन ड्राइव्ह दिसतच नाही, कारण ते आपल्या कुंपणाच्या आत असतं. फ्लॅटसील नावाचा प्रोग्रॅम टाकून त्या ड्राइव्हची परवानगी द्या. त्यापेक्षा सरळ मिंटच्या नेहमीच्या डेब पॅकेजचं स्टीम घ्या, निम्मे प्रश्न पैदाच होत नाहीत.

गेम चालतो पण मधल्या व्हिडिओच्या जागी उभे रंगीत पट्टे दिसतात, दूरदर्शनवर कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी दिसायचे तसे. हा व्हिडिओ उलगडणाऱ्या कोडेकचा प्रश्न, पेटंटच्या भानगडीमुळे प्रोटॉनमध्ये सगळे कोडेक नसतात. प्रोटॉनअप-क्यूटी टाकून त्यातून जीई-प्रोटॉन ही प्रोटॉनची वेगळी आवृत्ती घ्या, स्टीम बंद करून चालू करा, आणि त्या एका गेमपुरतं ते निवडा. सगळ्या गेमना लावत सुटू नका.

गेमचं फोल्डर देवनागरी नावाचं ठेवू नका. मला स्वतःला फाइलींची नावं मराठीत ठेवायला आवडतात, हिशोबाची, फोटोंची सगळी तशीच आहेत. पण जुने विंडोज गेम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने फाइल उघडतात, आणि त्या पद्धतीत देवनागरीला जागाच नव्हती. त्यांना "खेळ" या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि ते मुकाट बंद पडतात. गेमपुरतं तरी रोमन अक्षरात, मध्ये जागा न सोडता नाव द्या.

एपिक या स्टीमसारख्याच दुसऱ्या दुकानावरचे गेम. मे २०२० मध्ये जीटीए ५ एपिकवर आठवडाभर फुकट होता, तेव्हा कॉलेजातल्या निम्म्या पोरांनी खातं काढून तो घेऊन ठेवला. तो अजून तुमचाच आहे. लिनक्समध्ये हिरोइक नावाचा लाँचर टाका, त्यात एपिकचं आणि जीओजी या आणखी एका दुकानाचं खातं चालतं. ड्राइव्हचे वर सांगितलेले सगळे नियम तिथेही तसेच, कारण आत वाइनच आहे.

डिस्कवरचे २००० च्या दशकातले गेम हा वेगळाच विषय. त्यातल्या पुष्कळांवर सेफडिस्कसारखं कुलूप असायचं. त्याचा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मधून काढून टाकला, म्हणजे ती डिस्क तिथेही चालत नाही. तोच गेम जीओजीवर कुलूप काढून विकायला असेल तर तो स्वस्तात घेणं परवडतं. क्रॅक शोधायला जाऊ नका. त्यातून आलेला व्हायरस वाइनमध्येही चालू शकतो, आणि वाइनला तुमचं होम फोल्डर झेड ड्राइव्हमधून दिसतं.

जिथे उपायच नाही

व्हॅलोरंट चालणार नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर (अँटी-चीट) विंडोजच्या गाभ्यात बसतं, प्रोटॉनमध्ये तो गाभाच नाही. मे २०२४ पासून लीग ऑफ लेजंड्सचंही तेच झालं. फोर्टनाइट नाही, पबजी नाही. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोघांनी २०२१ पासून प्रोटॉनला वाट दिलेली आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात. एपेक्स लेजंड्सने ती दिली होती आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी परत घेतली. जीटीए ऑनलाइनमध्ये सप्टेंबर २०२४ ला बॅटलआय आलं आणि लिनक्सवाले बाहेर पडले. एकट्याने खेळायची कथा मात्र अजून चालते, रॉकस्टारच्या लाँचरमध्ये बॅटलआय बंद करून.

या गेमसाठी प्रोटॉन बदलून, आदेश टाकून, रात्र घालवून काही होत नाही. कुणी व्हिडिओत चालवून दाखवत असेल आणि खाली एखादी फाइल उतरवायला सांगत असेल, तर ती फाइल उतरवू नका, खातं जाईल. हे खेळायचे तर विंडोज ठेवा, आणि फास्ट स्टार्टअप तेवढं बंद ठेवा. नवीन गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबी या साइटवर त्याचं नाव टाकून बघा, अँटी-चीटसाठी आर वी अँटी-चीट येट ही साइट बघा. सेलमध्ये ८० टक्के सूट दिसली की हात थांबत नाही, मान्य. पण खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील, तर स्टीम पैसे परत देतं, हेही माहीत असू द्या.

मदत मागताना

"गेम चालत नाही" एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही, मलाही नाही. स्टीमच्या हेल्प मेनूत सिस्टम इन्फर्मेशन आहे, ते पूर्ण कॉपी करा. गेम कुठल्या ड्राइव्हवर आणि ती ड्राइव्ह एनटीएफएस की एक्स्ट४, हे लिहा. मशीन शेवटचं विंडोजमधून शट डाउन केलं होतं की रीस्टार्ट, हेही लिहा. घरातल्या दुसऱ्या कुणी वापरलं असेल तर त्यांना विचारून. मग गेमच्या लाँच ऑप्शन्समध्ये कॅपिटल अक्षरांत प्रोटॉन, अंडरस्कोर, लॉग, बरोबरचं चिन्ह, १, एक जागा, आणि टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये कमांड असं टाकून एकदा प्ले दाबा. होम फोल्डरात स्टीम, मधली रेघ आणि गेमचा आकडा अशा नावाची लॉग फाइल पडेल. ती पूर्ण पाठवा. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, आणि "शेवटच्या चार ओळी"ही नकोत, कारण कामाची ओळ बहुतेकदा बरीच वर असते. लॉग पाठवून झाला की ते लाँच ऑप्शन काढून टाका, नाहीतर फाइल वाढत राहते आणि एसएसडी भरतो.